दोन अक्षरं कमी

माझ्याकडे एक्केचाळीस नावं आहेत.
घर भाड्याचं, साखर पेठेत, वर पत्रा,
पण नावं माझी, एकेका वर्षाच्या करारानं.
शेंगाचटणीची तीन, टॉवेलची अकरा,
अजून न बांधलेल्या उड्डाणपुलाची दोन,
विमान सुटणार म्हणाले तेव्हा घाईत घेतलेली सहा.
ती सहाही अजून धावपट्टीवरच.

दिवसा कारखान्यात बिलं लिहितो.
रात्री शेजारचे माग थांबले की
मोबाईल उघडून बघतो
कोण आपल्या नावाचे पैसे भरायला विसरलं.
विसरणारे पुष्कळ. धंदा त्यांच्यावरच चालतो.
आठशे-नऊशेला घ्यायचं, धरून बसायचं.
एप्रिलमध्ये सगळ्यांचं भाडं एकदम येतं
आणि कूलर राहून जातो.

पहिलं विकलं ते कडकभाकरी.
ह्यूस्टनच्या कुणा बाईनं पस्तीस हजार दिले.
नायना म्हणाला, "भाकऱ्या किती पाठवल्यास?"
नाही, नुसतं नाव.
"नुसतं?"
मग अम्माकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलला.
मांडीवरचं बिडीचं सूप हललं, इतकी ती हसली.

नायना पंचिंग करायचा. जेकार्डची कार्डं.
जाड पुठ्ठ्याला ओळीनं भोकं पाडायची,
म्हणजे मागावर चादरीच्या काठाला
कारखान्याचं नाव उमटायचं.
चाळीस वर्षं त्यानं दुसऱ्यांची नावं पाडली.
इंग्रजी येत नव्हतं. अक्षर म्हणजे
भोक, भोक, कोरं, भोक.

फाल्गुनात मला सुवर्णमोर मिळालं.
गुर्रम शेठच्या चादरीचं नाव.
मुदत गेली, सवलतीचे दिवसही गेले,
नातवाच्या लक्षात नव्हतं.
आठव्या दिवशी पुण्याहून त्याचा फोन.
दीड लाख म्हणालो.
"आजोबांनी ठेवलेलं नाव आहे हो ते."
म्हणून तर दीड, मी म्हणालो.
नव्वदवर जमलं.

नायना खाटेवरून ऐकत होता.
दोन दिवस काही बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघत:
"ते नाव मी एकदा चुकवलं होतं."

एन गेला, त्याच्या मागचा ए गेला.
तीनशे चादरींवर सोन्याचा मोर
डुकराचा झाला. सुवरमोर.
अशोक चौकापर्यंत लोक हसले.
शेठनं चार महिने पगारातून कापले
आणि त्यातली एक चादर अंगावर फेकली,
"घे, ही तुझी कंपनी."

ती चादर मला माहीत आहे.
तिच्याखाली मी आणि अक्का झोपायचो.
काठावरून बोट फिरवत
शाळेच्या आधी मी तिच्यावरच अक्षरं शिकलो,
एस, यू, व्ही.
बरीच वर्षं मला वाटायचं
हे आमचंच आडनाव असावं.

त्या रात्री शोधलं. मोकळं होतं.
असणारच, ते कोण मागतंय?
आठशे एकोणपन्नास भरले.

सकाळी नायनाला दाखवलं. पान कोरं, वर नाव.
त्यानं चष्मा पुसला, बोटानं अक्षरं मोजली, आठ,
आणि आर नि एमच्या मधे
नखानं काचेवर दोनदा टकटक केलं.
"किती येतील याचे?"
काही नाही येणार.
"मग ठेव."

यंदा एप्रिलमध्ये विमानाची सहा जाऊ दिली,
पुलाचं एक. कूलर आणला.
काल गुर्रमच्या नातवाचा परत फोन.
ते दुसरं पण तुमच्याकडेच आहे ना, म्हणाला,
उगीच कुणी हसायला नको, घेऊन टाकतो.
किती?

कूलरचा आवाज फार आहे.
मी ऐकू आलं नाही असं केलं
आणि फोन पालथा ठेवला, चादरीवर.
अजून आकडा सांगितलेला नाही.